सातबाऱ्यावरचा सरकारी बोजा : चढतो कसा, उतरतो कसा?

चिरेखाणीला जमीन दिली आणि उत्खनन परवान्याबाहेर गेलं, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) नुसार खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तो थकला की जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होतो आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो. तारकर्लीतल्या हॉटेलवाल्याची विक्रीकर वा जीएसटीची थकबाकीही याच वाटेने येते. पुढे मागणी नोटीस, जप्ती, लिलाव.

तहसीलदारांचा दंडाचा आदेश मान्य नसेल, तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. जुन्या विक्रीकरासाठी अभय योजना येतात; २०२३ च्या योजनेत एखाद्या वर्षाची २ लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ झाली होती.

लोक अडकतात ते यानंतर. पैसे भरले म्हणून बोजा आपोआप जात नाही. ज्या खात्याने तो चढवला, त्याचं बोजा कमी करण्याचं पत्र तलाठ्याकडे द्यावं लागतं. फेरफार होतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, मगच उतारा कोरा होतो.

मालवणात सामायिक सातबारे फार, निम्मे हिस्सेदार मुंबईत. एकाच्या थकबाकीची नोंद सगळ्यांच्या उताऱ्यावर दिसते आणि विक्री, कर्ज दोन्ही अडतं. नोंद थकबाकीदाराच्या हिश्श्यापुरतीच आहे ना, हे पाहा. नसेल तर लेखी हरकत घ्या. मुंबईकरांनो, उतारा ऑनलाइन मिळतो. गणपतीला गावी येईपर्यंत थांबू नका.