मत पोरांचे, निवड मालकांची!

आमच्या देवळाली प्रवरा येथील पोरेही टीव्हीवरच्या स्पर्धकांना मोबाईलवरून मते देतात. त्यांच्यासाठी एक दाखला. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर १९९९ ते २०१९ या काळात ‘टीन चॉईस अवॉर्ड्स’ सोहळा गाजला. १३ ते १९ वयाच्या मुलांचाच कौल, असा डांगोरा! २०१४ मध्ये बिंग फुटले. नियमांत बारीक अक्षरांत लिहिले होते : सर्वाधिक मतांच्या चौघांतून विजेता आयोजक निवडू शकतात.

बंधू-भगिनींनो, चौघांचा हा आकडा ओळखीचा वाटतो ना? १९३२ च्या पुणे करारात राखीव जागेसाठी चौघे आपण निवडायचे आणि अखेरचा एक संयुक्त मतदारसंघाने, जिथे बहुमत सवर्णांचे! बाबासाहेबांनी पुढे त्यावर कठोर टीका केली. तिथे फक्त करमणूक बुडाली. इथे समाजाचे प्रतिनिधित्व गेले.

पोरांनो, आधी कलम वाचा, मग बटण दाबा. जयभीम!