भीतीला परक्या भाषेचं लुगडं

जुलै उजाडला की आमचं कर्जत हिरवंगार होतं. मुंबईची माणसं गाड्या भरभरून धबधबे पाहायला येतात, स्टेशनवर गरम वड्यांचा घमघमाट सुटतो. आणि नेमक्या याच दिवसांत माझ्या पोटात गोळा येतो. हसू नका हं! पावसाळ्यात घरचं माणूस रोज लोकलने ये-जा करतं, त्या प्रत्येक घरातली बाई मी काय म्हणते ते समजेल.

ह्यांची नोकरी मुंबईला. जायला दोन तास, यायला दोन तास. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि मीही ‘येतील हो’ म्हणून निवांत असे. पण २६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदी फुगली आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी तिच्यातल्या हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं. हे त्या गाडीत नव्हते, कल्याणच्या फलाटावर अडकून पडले होते. पण फोन बंद पडलेला, मला कसं कळणार? दुसऱ्या दिवशी उशिरा चिखलाने भरलेल्या चपला हातात घेऊन हे दारात उभे राहिले. आल्याचा चहा झाला, आंघोळ झाली, सगळं संपलं.

संपलं ते ह्यांचं. माझ्या मनातला पाऊस काही थांबला नाही.

त्यानंतर संध्याकाळचे सात वाजले की माझा कान गाडीच्या भोंग्याकडे. पाच मिनिटं उशीर झाला की छातीत धडधड, तळहाताला घाम. भाजी करपायची, दूध उतू जायचं. पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. त्या वाडीचं दुःख आणि घरात बसून मला वाटणारी भीती एका मापाने मोजायची नाही, हे मला कळतं. पण भित्र्या मनाला मापं कळत नाहीत. त्याला फक्त निमित्त लागतं.

ज्याने त्याने उपाय सांगितले. सासूबाई म्हणाल्या, “नामस्मरण कर.” केलं. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, तो ठीक निघाला. शेजारणी म्हणाल्या, “उगाच काळजी करू नकोस गं.” पण ‘करू नकोस’ म्हटलं की न करायला काळजी म्हणजे काय पुरणपोळी आहे?

खरा चटका बसला तो लेकीमुळे. त्याच वर्षी डिसेंबरात तिच्या शाळेची सहल कोंडाणे लेण्यांना जायची होती. पाऊस नाही, पूर नाही. तरी मी संमतीच्या चिठ्ठीवर सही केली नाही. आठवीतली पोर. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, “आई, भीती तुला वाटते, मग घरी मी का बसायचं?”

त्या रात्री मला झोप लागली नाही.

मार्थाबाईंचा जन्म

त्याच रात्रीची गोष्ट. टेबलावर लेकीची इंग्रजीची वही पडली होती. ‘दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ असा गृहपाठ. सहज म्हणून मी मागचं कोरं पान उघडलं आणि पेन्सिल घेतली. माझं शिक्षण मराठीतून. इंग्रजी बारावीपर्यंतचं, तेही गंज चढलेलं. पण घरातल्या कुणाच्या हाती पान लागलं तरी ते माझं वाटू नये, म्हणून इंग्रजीत लिहायला बसले.

एका कोळ्याची बायको घेतली. नाव ठेवलं मार्था, कारण आमच्या अख्ख्या गोतावळ्यात मार्था कुणी नाही. तिचा नवरा बोट घेऊन समुद्रात गेलाय आणि अंधार पडलाय. मी लिहिलं, ‘मार्था इज अफ्रेड. शी लुक्स ॲट द क्लॉक. द क्लॉक इज स्लो.’ आणि अडले. पुढे मला लिहायचं होतं की तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पण त्याला इंग्रजीत काय म्हणायचं? येईना. मग काय करते बिचारी! मार्थाने उठून चहा केला. कारण ‘चहा केला’ हे मला इंग्रजीत येत होतं!

आणि गंमत पाहा, तिने चहा केला तशी मलाही जरा हुशारी वाटली.

नंतर मी यावर पुष्कळ विचार केला. आपल्या मराठीत भीती एकटी येत नाही, सगळं वऱ्हाड घेऊन येते. पोटात गोळा येतो, धस्स होतं, जीव टांगणीला लागतो, हातपाय गळतात. शब्द उच्चारला की अंगाला तसं होतंच. लहानपणापासून आई-आजीच्या तोंडून ऐकलेले शब्द ते! इंग्रजीत माझ्याजवळ एकच सपाट शब्द होता, ‘अफ्रेड’. त्याला ना आजीचा आवाज, ना देवघरातल्या दिव्याचा वास. त्यामुळे मला पहिल्यांदाच भीतीकडे जरा दुरून बघता आलं.

तिसऱ्या-चौथ्या रात्री मार्था दीपगृहावरच्या म्हाताऱ्याकडे गेली आणि तिने विचारलं, “बोटी याआधी किती वेळा उशिरा आल्या?” म्हाताऱ्याने वही काढून मोजून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मीही भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लागले. महिन्याभरात हे नऊ वेळा उशिरा आले. नऊच्या नऊ वेळा आले! हा हिशेब मला आधी कुणी सांगितला नव्हता असं नाही. पण तो मार्थाने केला, तेव्हा मला पटला.

संशोधक काय म्हणतात?

हा माझा एकटीचा वेडेपणा नाही, हे नंतर वाचताना कळलं. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्याबरोबर एक प्रयोग केला, तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या मुलामुलींना चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं, काहींनी मनाला लागलेल्या प्रसंगांवर. घडलेलं आणि वाटलेलं असं दोन्ही ज्यांनी लिहिलं, ती मुलं पुढच्या महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा गेली. मात्र लिहिल्या लिहिल्या त्यांना बरं नव्हे, उलट जरा उदासच वाटलं होतं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९९६ सालचा दुसरा प्रयोग तर आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे. पूर्वी आघात सोसलेल्या कॉलेजकन्यकांपैकी काहींना स्वतःचं दुःख लिहायला सांगितलं आणि काहींना दुसऱ्याच कुणाचं, कल्पनेतलं दुःख आपलं समजून. कल्पनेतलं लिहिणाऱ्या मुलींनाही पुढे डॉक्टरकडे कमी वेळा जावं लागलं. म्हणजे मनातलं बाहेर काढायला ते खरंच घडलेलं असावं लागतं असं नाही.

आणि भाषेचं काय? २००३ साली बोस्टनच्या कॅथरिन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तुर्की मातृभाषा असून इंग्रजी नंतर शिकलेल्या माणसांच्या बोटांना यंत्र लावलं आणि त्यांना शिव्या आणि लहानपणी आई-बाप रागावतात तसली वाक्यं ऐकवली. मातृभाषेतल्या वाक्यांनी बोटांना जास्त घाम फुटला. तेच इंग्रजीत ऐकवल्यावर कमी. ‘लाज नाही वाटत?’ हे मराठीत ऐकून बघा आणि इंग्रजीत ऐकून बघा, यंत्राशिवायही फरक कळेल!

पण एक सांगते. लिहिण्याचा गुण सगळ्यांनाच येतो असं नाही आणि आला तरी बेताचाच, असंही पुढच्या अभ्यासांत दिसलं आहे. हा काढा आहे, शस्त्रक्रिया नव्हे.

नगरची कृपाबाई

आपल्या महाराष्ट्रातली एक मुलगी या वाटेने फार पूर्वी गेली होती. कृपाबाई खिस्ती, लग्नानंतरच्या कृपाबाई सत्यनाथन. जन्म अहमदनगरचा, १८६२ सालचा. ख्रिस्ती झालेल्या मराठी ब्राह्मणाची लेक. वडील लवकर गेले. ज्याने पुस्तकांची गोडी लावली तो भाऊ भास्करही गेला, तेव्हा ही पोर मनाने पार खचली. पुढे मद्रासला वैद्यकी शिकायला गेली आणि पहिल्या वर्षी चमकली, पण प्रकृतीने साथ दिली नाही, शिक्षण सुटलं. लग्नानंतर एकुलतं एक मूल तान्हेपणीच गेलं.

या बाईने लिहिलं ते इंग्रजीत. ‘सगुणा’ ही तिची कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासच्या मासिकातून क्रमशः आली. कहाणी बहुतेक स्वतःचीच, पण नायिकेचं नाव कृपा नाही, सगुणा! दुसरी ‘कमला’ ही एका हिंदू बालवधूची कथा, १८९४ सालची. ती लिहिताना आजार बळावलेला होता. त्याच वर्षी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई वारल्या. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांत या दोन्हींची गणना होते.

त्यांनी हे औषध म्हणून लिहिलं, असं मी म्हणणार नाही. त्या लेखिका होत्या, माझ्यासारख्या वहीच्या मागच्या पानावरच्या नव्हेत. पण आपलं दुःख दुसरीच्या नावाने, दुसऱ्या भाषेत ठेवायला त्यांना जागा मिळाली, एवढं तर दिसतंच ना?

खोपोलीची मैत्रीण

दुसरी भाषा म्हणजे इंग्रजीच, असं मात्र समजू नका. एकदा खोपोलीला हळदीकुंकवाला गेले होते. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, की आलंच खोपोली! तिथे एक ओळख झाली. माहेर धारवाडकडचं, घरची भाषा कानडी. नवरा कारखान्यात पाळीवर. रात्रपाळी असली की हिला रात्रभर झोप नाही. मी मार्थाची गोष्ट सांगितली तशी ती हसली, पण पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

“वहिनी, मी पण लिहिलं. मराठीत!”

“अगं, कानडीत का नाही?”

“कानडीत लिहायला घेतलं की आई समोर येऊन बसते वहिनी, नुसतं रडू येतं. मराठीत ती बाई दुसरीच कोणीतरी होते. मग तिला मी रागावू पण शकते.”

तिच्या गोष्टीत ‘तो खिडकी’ आणि ‘ती दार’ असं सगळं आहे. मी एकही चूक सुधारली नाही. त्या चुकांच्या आडच तर तिला मोकळं वाटतं.

तुम्हाला करून पाहायचं तर

१. मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं पुरतात. पण जागा ठरलेली हवी आणि वही दुसऱ्या कुणी न विचारता वाचायची नाही, हे घरात सांगून ठेवा.

२. शब्द शोधावा लागेल पण वाक्य अडणार नाही, अशी भाषा घ्या. इंग्रजी, हिंदी, सासरची, जी जमेल ती.

३. माणसाचं नाव दुसरं, गाव दुसरं. तुमच्याकडे लोकल असेल तर तिच्याकडे बोट असू दे.

४. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग वही बंद. डाळ-तांदूळ निवडताना तिचा विचार केलात तर चालेल!

५. शब्द अडला तर सोपा लिहा. शब्दकोश दुसऱ्या दिवशी पाहा.

६. शेवट गोड करायची सक्ती नाही. पण रोज तिला एक काम करू द्या. चहा करील, पत्र लिहील, कुणाला तरी विचारील. हातावर हात ठेवून नुसती बसू नये.

७. दुःख अगदी ताजं असेल तर लिहायची घाई नको. तेव्हा जवळच्या माणसाशी आपल्या भाषेतच बोलावं, रडावं. लिहून उदासी दिवसेंदिवस वाढतच गेली तरी थांबावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, छातीत सारखं धडधडत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. तापाला डॉक्टर लागतो तसा मनालाही लागतो, त्यात लाजायचं काय?

माझी भीती गेली का? नाही. पण ती आता दाराशी बसते, स्वयंपाकघरात येत नाही. पुढच्या वर्षी सहलीची चिठ्ठी आली तेव्हा सही केली. अक्षर वाकडं आलं, पण केली.

गेल्या जुलैमध्ये एकदा ह्यांची गाडी फारच रखडली. बाहेर धो धो पाऊस. मी वही घेऊन बसले आणि लिहिलं, ‘द बोट इज लॉस्ट.’ लेक मागे उभी होती. तिने विचारलं, “वाचू का?” मी मान हलवली. तिने लाल पेन घेतलं आणि एक शब्द खोडला.

“लॉस्ट नाही गं आई,” ती म्हणाली, “लेट.”