तेलकट हातांसाठी घडलेला कोड

जपानमधल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत १९९०च्या सुमारास कामगार बारकोडला वैतागले होते. उभ्या रेघांच्या त्या पट्टीत जेमतेम वीसेक अक्षरं मावत. मग एकेका खोक्यावर अनेक पट्ट्या, आणि प्रत्येक वेगळी वाचायची, तीही तेलकट हातांनी. डेन्सो कंपनीतले अभियंते मासाहिरो हारा यांनी यावर उपाय शोधायला घेतला आणि १९९४ साली क्यूआर कोड जन्माला आला. माहिती आता आडवी-उभी दोन्हीकडे पसरली. नुसते आकडे असतील, तर एका कोडात ७,०८९ मावतात!

पण छपाईच्या गर्दीत यंत्राला हा कोड सापडणार कसा? हारा आणि त्यांचे सहकारी मासिकं, पत्रकं, खोकी तपासत बसले आणि काळ्या-पांढऱ्याचं सर्वांत क्वचित दिसणारं प्रमाण त्यांनी हुडकून काढलं, १:१:३:१:१. कोपऱ्यांतले तीन ठळक चौकोन याच प्रमाणात आखलेले असतात. त्यांच्या मध्यबिंदूतून कुठल्याही कोनात रेघ ओढा, तिचे काळे-पांढरे तुकडे त्याच प्रमाणात पडतात. किती देखणी भूमिती! मोबाइल तिरका धरला तरी चालतो, तो यामुळेच. चौथ्या कोपऱ्यात असा चौकोन नसतो, म्हणून वरची बाजू कोणती हेही कळतं.

राहिला तेलाच्या डागांचा प्रश्न. त्याचं उत्तर अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० सालीच देऊन ठेवलं होतं. सरळ रेषा ठरायला दोन बिंदू पुरतात. समजा, आपण तिच्यावरचे पाच बिंदू पाठवले आणि वाटेत एक भरकटला. उरलेले चार एका रेषेत दिसतात, चुकलेला उघडा पडतो आणि त्याची मूळ जागाही सांगता येते. क्यूआर कोडात याच तत्त्वावर, पण बरंच गुंतागुंतीचं गणित चालतं. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के माहिती बिघडली तरी मजकूर पूर्ण परत मिळतो. दूरच्या ग्रहांजवळून व्हॉयेजर यानाने पाठवलेली छायाचित्रं ज्या गणिताने सावरली, तेच गणित वडापावच्या गाडीवरचा डागाळलेला कोड वाचून देतं.

डेन्सोकडे या कोडचं पेटंट होतं. पण ठरलेल्या मानकानुसार वापरणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं कंपनीने ठरवलं. त्यामुळे कुणीही कोड बनवावा, छापावा, गाडीवर चिकटवावा. त्याचं शुल्क कुणालाच द्यावं लागत नाही.