सायकलवरून कृष्णाकांठ

नदीकांठीं पाणी विपुल. मग द्राक्षबागा नदीपासून दूर कां? गेल्या फेब्रुवारींत कराडहून पलूस-तासगांव मार्गानें सायकलवरून सांगलीस जातांना हा प्रश्न आम्हांस पडला.

कराडास कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहून आम्ही पहांटे निघालों. प्रथम काळी जमीन व ऊंस लागला. वाटेजवळच किर्लोस्करवाडी; १९१० सालीं ती वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवीं सायकलींच्या दुकानापासूनच उद्योगास आरंभ केला होता! पुढें नदी दूर राहिली, माती हलकी व मुरमाड झाली आणि मांडवांवर चढलेल्या वेली दिसूं लागल्या. मोटारींतून हा पालट ध्यानांत येत नाहीं. सायकलवरून तो सावकाश वाचतां येतो.

कारण असें कीं, द्राक्षवेलीस मुळाशीं पाणी साचलेलें सोसत नाहीं व हवा कोरडी मानवते. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी केली म्हणजे जानेवारी ते मार्चपर्यंत फळ पिकतें. मध्येंच अवकाळी पाऊस पडला तर मणी तडकतात, बुरशी धरते आणि वर्षाचे श्रम एका रात्रींत वायां जातात. कित्येक बागाईतदार द्राक्षें सावलींत सुकवून बेदाणा करितात. तासगांव ही त्याची मोठी पेठ आहे.

सांगलीजवळ हरिपुरास वारणा कृष्णेस मिळते. तेथें आमचा प्रवास संपला. विद्यार्थिमित्रहो, आपणही अवश्य जावें. परंतु बागेंतील एकही घड तोडूं नये. त्यांत एका कुटुंबाचें वर्ष असतें.