एकशे वीस बोल्ट आणि नऊ मीटर वेल्डिंग

पहाटे ५:५०

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. चिपळूणला या दिवसांत पहाटेसुद्धा पंख्याखाली सदरा अंगाला चिकटतो. चहाला आधण येईतो मी वही उघडतो. आज दोन जिने आहेत, दोन्ही लोखंडी. एक लोट्याच्या रासायनिक कारखान्यात नट-बोल्टांनी उभा करायचा. दुसरा खेर्डीतल्या आमच्या शेडमध्ये वेल्डिंग करून पुरा करायचा, तो उद्या खडी क्रशरवर जाणार.

यातला मजबूत कुठला, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. नीट केला तर दोन्ही. इतकी वर्षं फॅब्रिकेशन करून मला पडणारा प्रश्न निराळा आहे: जिन्यात चूक राहिली, तर ती कळणार कधी? माल शेडमध्ये असताना, साइटवर, की कुणाचा तरी पाय पडल्यावर?

सकाळी ६:४०, खेर्डी

मिस्त्री माझ्या आधी आलेले असतात. रॉडचा ओव्हन रात्रभर चालू होता. ७०१८ जातीचा रॉड हवेतला ओलावा पितो, आणि ओला रॉड जोडात हायड्रोजन सोडतो. मग थंड होताना जोडाला आतून चीर जाते. कोकणातल्या हवेत हा रॉड उघड्या पाकिटात ठेवणं म्हणजे मीठ पावसात ठेवणं. वेल्डरच्या कमरेला छोटा ओव्हन असतो, त्यातून एकेक रॉड निघतो.

क्रशरचा जिना एका टप्प्याचा आहे: नऊ पायऱ्या, दोन्ही बाजूंना २०० मिमीचे चॅनेल, म्हणजे स्ट्रिंजर. पायऱ्या ६ मिमी चेकर्ड प्लेटच्या. ग्रेटिंग का नाही? तिथे जाळीत खडी पाचरीसारखी अडकून बसते. आणि बोल्ट का नाहीत? जुन्या जिन्याला होते. खडीच्या चाळणीच्या थरथरीनं नट सैल होत गेले, ते कुणी फिरून आवळले नाहीत. आता मालक म्हणतात, सगळं वेल्ड करा. मी एवढंच बजावलंय, की जिना चाळणीच्या सांगाड्याला टेकवायचा नाही, आपल्या पायावर वेगळा उभा राहील. कारण सतत थरथर बसली तर वेल्डिंगही थकतं. नट सैल होताना निदान खडखडतो, वेल्ड मुकाट्यानं तडकतं.

पायऱ्या काल टॅक मारून ठेवल्यात. आज फुल वेल्डिंग. प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना, वरून आणि खालून पाव-पाव मीटर. हिशेब केला तर नऊ मीटर भरतं. मध्ये जागा सोडून तुकड्यातुकड्यानं मारलं तर रॉड वाचेल, पण त्या फटींत पावसाचं पाणी शिरेल आणि दोन वर्षांत आतून गंज बाहेर डोकावेल.

"शेठ, रुंदी नऊशे दोन ठेवलीय," मिस्त्री टेप धरून सांगतात. ड्रॉइंगवर ९०० आहे. वेल्ड थंड होताना आखडतं आणि दोन्ही स्ट्रिंजरना आत ओढतं. ते दोन मिमी त्या ओढीसाठी. पहिली पायरी झाली की दुसरी करायची नाही, थेट पाचवी, मग नववी, मग तिसरी. बाजूही आलटून पालटून. सरळ ओळीनं वेल्डिंग केलं तर जिना केळ्यासारखा वाकतो.

सकाळी ८:१०, परशुराम घाट

टेम्पो पुढे, मागे मी. खाली वाशिष्ठीचं पात्र. टेम्पोत लोट्याच्या जिन्याचं सुटं सामान: चार स्ट्रिंजर, अठरा ग्रेटिंगच्या पायऱ्या, चार कठडे. सगळं गॅल्वनाइज केलेलं, सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं.

या जिन्यातही वेल्डिंग आहेच. स्ट्रिंजरच्या टोकाच्या प्लेटा, कठड्याच्या नळ्या सगळं शेडमध्ये वेल्ड झालं, मग जस्तात गेलं. साइटवर फक्त बोल्ट. आमच्या धंद्यातला साधा नियम आहे: आग शेडमध्ये, पाना साइटवर. जस्त चढल्यावर साइटवर वेल्डिंग केलं, तर त्या जागचं जस्त जळतं आणि नेमका जोड उघडा पडतो. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो. त्यावर गूळ खायची रीत आहे. माझ्या मते मुळात धूरच होऊ न देणं बरं.

सकाळी ९:००, लोटे

गेटवर काडेपेटी, लायटर, मोबाइल जमा. मग परमिट. आज कोल्ड वर्क, म्हणजे आगीशिवायचं काम. जिन्याच्या भिंतीपलीकडे टोल्युइनची पिंपं आहेत. टोल्युइनची वाफ साधारण ४ अंश तापमानालाच पेट घेण्याजोगी होते. बाहेर आता तीस उलटून गेलेत. इथे वेल्डिंग करायचं तर हॉट वर्क परमिट, गॅसची तपासणी, अग्निरोधक चादरी, पाइप धरून उभा राहणारा माणूस, काम संपल्यावरही राखण. आणि मीटरचा काटा जरा हलला की सगळं बंद. वेल्डिंगला लागतो एक तास आणि परवानगीला दिवस.

म्हणून वरच्या तुळईला ब्रॅकेट जोडायचं तेवढं वेल्डिंग आम्ही मागच्या वार्षिक शटडाउनमध्ये उरकून घेतलं होतं, पिंपं हलवलेली आणि लाइन रिकाम्या असताना. मधलं लँडिंग आणि त्याचे चार पाय परवा उभे राहिले. आज जिन्याचे दोन टप्पे.

सेफ्टीचे साहेब सामान तपासतात. ग्राइंडर नाही ना? ड्रिल मशीन? हातोडा पितळी? "भोक जुळलं नाही तर काय करणार?" ते विचारतात.

"परत नेणार, साहेब."

ते हसतात. मी थट्टा केलेली नाही.

सकाळी १०:१५

एक स्ट्रिंजर सव्वातीन मीटर लांब, सत्तर किलोंच्या आसपास. दोन खलाशी, म्हणजे जड सामान हलवणारी माणसं, तो खांद्यावर घेतात, एक पुढे वाट सांगतो. आख्खा वेल्ड केलेला टप्पा अडीचशे किलोंचा झाला असता आणि त्या सव्वा मीटरच्या बोळातून वळलाच नसता. हायड्रा क्रेन तर गेटच्या आत दोनशे फूटसुद्धा येऊ शकत नाही.

डावा स्ट्रिंजर बसला. उजवा वर ब्रॅकेटला लागला, पण खाली बेस प्लेट अधांतरी. फट नऊ मिमी.

चूक माझी. मोजमाप मी घेतलं होतं, पण एकाच बाजूला. रासायनिक कारखान्यातली जमीन सपाट नसते, सांडलेलं गटाराकडे जावं म्हणून उतार दिलेला असतो. शंभराला एक उतार, जिन्याची रुंदी ९००: बरोबर नऊ मिमी. गणित सहावीतलं आहे, पण ते करायला लेव्हल ट्यूब काढावी लागते, आणि त्या दिवशी मी ती गाडीतून काढली नव्हती.

वेल्डिंगचा जिना असता तर ही चूक तिथल्या तिथे खपली असती. खालून एक पट्टी, दोन रॉड, वर रंग. बोल्टाचं काम असं झाकू देत नाही. सुदैवानं बेस प्लेटखाली ग्राउटसाठी जागा ठेवलेली होती. उजवीकडे तीन-तीन मिमीची तीन पॅकिंगं सरकवली, ओळंबा घेतला, पायरीवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मध्यावर आला. न आखडणारं ग्राउट संध्याकाळी.

दुपारी १२:००

वरच्या ब्रॅकेटला लंबगोल भोकं आहेत, २२ बाय ४०. एम-२० बोल्टाला एरवी २२ मिमीचं गोल भोक लागतं. लांबी जास्त ठेवली ती अशाच दिवसासाठी. चार मिमीचा फरक निघाला, त्यातच मावला. वर जाड चौकोनी वॉशर, म्हणजे नट भोकात घुसणार नाही.

आणि मग नट अडले. शिकाऊ पोरगा बोल्टावर नट चढवतो, तीन आटे जातात, पुढे जात नाही. दुसरा घेतो, तोच प्रकार. तो पान्याला हात घालतो.

"थांब. पाना ठेव खाली."

गॅल्वनाइज केलेल्या बोल्टाच्या आट्यांवर जस्ताचा थर असतो. म्हणून त्याचा नट आतून किंचित मोठे आटे पाडून घ्यावा लागतो. या पिशवीत काही नट साधे निघाले. पुरवठादाराकडे मिसळ झाली असावी. जोर लावून चढवला असता, तर जस्ताचा भुगा झाला असता आणि नट मध्येच अडकून बसला असता, आवळलाही नाही आणि निघालाही नाही. नुसत्या बोटांनी फिरला तर नट तुमचा, एवढी एकच परीक्षा. आम्ही पिशवी पालथी केली आणि एकेक नट हातानं फिरवून पाहिला. सात बाद. गेटवर जाऊन खेर्डीला फोन केला, दुसरी पिशवी निघाली.

पोरानं बोल्टाच्या डोक्यावरचे आकडे दाखवले. "हे ८.८ काय?"

"पहिला आठ म्हणजे दर चौरस मिमीला ८०० न्यूटनला तुटतो. दुसरा म्हणजे त्याच्या आठ दशांशाला, ६४० ला, कायमचा ताणला जातो. ज्या बोल्टावर आकडा नाही, तो इथे लावायचा नाही."

दुपारी १:००

कँटीनमध्ये मेंटेनन्सचे इंजिनीअर समोर बसतात. त्यांची तक्रार अशी, की बोल्टाचा जिना महाग पडतो. ड्रिलिंग, गॅल्वनायझिंग, मोजमापाचा त्रास. खरं आहे. शिवाय जिथे प्लेटीवर प्लेट येते त्या सांध्यात आम्लाची वाफ आणि ओल साचते. तिथे दर पावसाळ्यानंतर पाहायला हवं.

मी विचारलं, "आधीचा वेल्ड केलेला जिना काढायला किती दिवस लागले?"

"शटडाउनची वाट पाहिली. आठ महिने."

त्या आठ महिन्यांत पाच पायऱ्या गंजून जाळी झाल्या होत्या आणि त्यांवर लाकडी फळ्या टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. जुन्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ३२ मध्येही जिना भक्कम असावा, नीट राखलेला असावा, गरज तिथे दणकट कठडा असावा, असं लिहिलं होतं. नव्या जिन्याची एक पायरी खराब झाली, तर चार बोल्ट काढायचे आणि दुसरी बसवायची. कारखाना चालू असताना, चहाच्या सुट्टीत.

दुपारी २:००

पायऱ्या. अठरा पायऱ्या, प्रत्येकीला एम-१२ चे चार बोल्ट: बहात्तर. चढण १८० मिमी, पायरी २७०. दोन चढणी अधिक एक पायरी म्हणजे ६३०, माणसाच्या सहज पावलाला जमणारं माप. यातली एखादी चढण दहा मिमीनं जरी कमी-जास्त झाली तरी डोळ्याला दिसत नाही, पण उतरताना पावलाला कळते. तिथेच माणूस ठेचकाळतो.

सगळे बोल्ट आधी हातानं, मग एकदम आवळायचे. पहिलीच पायरी पक्की केली, तर सातव्या पायरीचं भोक हसत बसतं.

दुपारी ३:४०

खेर्डीची पिशवी आली. स्ट्रिंजरचे चोवीस बोल्ट लागले. कठड्याचे एम-१६ चोवीस. सगळे मिळून एकशे वीस. आवळलेल्या प्रत्येक नटावरून खालच्या प्लेटीपर्यंत पोरगा पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढतो. उद्या नट फिरला तर रेघ तुटेल, आणि ती तुटलेली रेघ झाडूवालीलासुद्धा दिसेल. वेल्डिंगवर अशी रेघ ओढता येत नाही.

संध्याकाळी ५:१०

सेफ्टीचे साहेब चढून आले. मध्ये थांबून दोन्ही हातांनी कठडा हलवून पाहिला. हलला नाही. ग्राउट घट्ट होईपर्यंत जिन्याला पिवळी पट्टी आणि "वापर बंद"ची पाटी. परमिट बंद, मोबाइल परत.

संध्याकाळी ६:३०, खेर्डी

मिस्त्रींचं वेल्डिंग झालंय. रुंदी मोजली: खाली ९००, वर ८९९. मी मान डोलावतो, ते दुसरीकडे बघतात. कौतुक त्यांना आवडतं, पण ऐकायला आवडत नाही. गेज लावला, सहा मिमी भरला. नजरेला वेल्ड सुंदर आहे, माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक.

तरी डाय मारायचा, म्हणजे न दिसणारी चीर शोधायची. लाल द्रव फवारला, थोडा वेळ मुरू दिला, पुसला, वरून पांढरी पावडर. नऊ मीटर पांढरंशुभ्र. आणि सातव्या पायरीच्या टोकाला, रॉड उचलला तिथे, हळूहळू एक लाल केस उमटला. पाच-सहा मिमीचा, तारेसारखा. शेवटचा खड्डा न भरता रॉड झटकन उचलला की असं होतं.

"ही बाजू शेडमधल्या पोरानं मारली होती," मिस्त्री म्हणाले. मग थांबून, "मी बघायला हवं होतं."

ग्राइंडरनं चीर पूर्ण खणून काढली, पुन्हा डाय मारून खात्री केली, ओव्हनमधला गरम रॉड घेऊन मिस्त्रींनी स्वतः भरलं. या वेळी शेवटी रॉड जरा मागे नेऊन मग उचलला. पोरगा काचेआडून बघत होता.

रात्री ८:१५

टेबलावर दोन वस्तू ठेवल्यात: अडलेला एक नट, आणि लाल केसाचा ठसा उमटलेला पुसायचा कागद. नट शिकाऊ पोरानं हात लावला तेव्हाच बोलला. नऊ मिमीची फट माणसं खांद्यावर लोखंड घेऊन उभी असताना बोलली. तो लाल केस मात्र डाय मारला नसता तर गप्पच राहिला असता. क्रशरवर, थरथरीत, वाढत.

वहीत लिहितो: लोटे, उजवी बाजू ९ मिमी, पॅकिंग दिलं. खाली अधोरेखित: लेव्हल ट्यूब गाडीत नको, हातात. पुढच्या पानावर: क्रशर, सातवी पायरी, दुरुस्त, पुन्हा तपासली, ठीक. उद्या मिस्त्री सकाळी सहालाच येतील. ओव्हनचं बटण तपासतो. लाल दिवा चालू आहे. शेडचे बाकीचे दिवे मालवून तो तेवढा तसाच ठेवतो.