लिनक्सची मुळाक्षरे, भाग ११ : नकार नेमका कोणाचा?

ओळखीच्या एका छोट्या छापखान्यातून परवा दुपारी फोन आला. तिथल्या ऑपरेटर ताईंच्या नव्या लॅपटॉपवर मीच उबंटू घालून दिलं होतं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दिवाळी अंकाची पानं असं सगळं काम छापखान्यातल्या काकांच्या टेबलावरच्या विंडोज कॉम्प्युटरवर असतं. तिथला एक फोल्डर शेअर करून तो ताईंच्या लॅपटॉपवर माउंट केला होता.

"दादा, फोल्डर दिसतोय, फाइल उघडतेय, पण सेव्ह करायला गेलं की परमिशन डिनाइड म्हणतोय. काकांच्या मशीनवर तर सगळं व्यवस्थित चालतंय."

मी पोचेपर्यंत दोघांचे आपापल्या परीने उपाय करून झाले होते. ताईंनी सुडो लावून त्या फोल्डरवर 'सीएचमॉड ७७७' तीनदा चालवलं होतं. कमांडने एकदाही तक्रार केली नाही आणि एकदाही काही बदललं नाही. काकांनी विंडोजवर फोल्डरच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाकला होता. त्यानेही काही झालं नाही. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता.

विंडोजचा शेअर लिनक्सवर माउंट करताना परवानगीची अडचण आली नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. 'परमिशन डिनाइड' हे एकच वाक्य तिथे वेगवेगळ्या तोंडांतून येतं. ते लिनक्स म्हणतं, विंडोजचा शेअर म्हणतो, विंडोजची डिस्कही म्हणते. पडद्यावर मात्र अक्षरं तीच उमटतात. म्हणून 'परवानगी कशी मिळवू' हा प्रश्न नंतरचा. आधी नकार कोणी दिला ते शोधायचं.

त्यासाठी एक साधी चाचणी आहे, आणि तिच्यामुळे निम्मं काम तिथेच उरकतं. माउंट केलेल्या फोल्डरमध्ये साध्या युजरने 'टच' कमांडने एक रिकामी फाइल तयार करून पाहा. नकार आला, की तीच कमांड पुढे सुडो लावून द्या. सुडोने फाइल झाली, तर नकार तुमच्याच लॅपटॉपवरच्या लिनक्सचा. सुडोनेही झाली नाही, तर नकार पलीकडच्या विंडोजचा.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. शेअर माउंट करताना आपण एक युजरनेम आणि एक पासवर्ड देतो. नेहमीच्या माउंटमध्ये विंडोजला त्यानंतर तेवढा एकच माणूस दिसतो. लॅपटॉपवर तुम्ही बसला आहात, तुमची बहीण बसली आहे की सुडोतून आलेला रूट, हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मग रूटला जमतं आणि तुम्हाला जमत नाही, याचा अर्थ तुमची विनंती तारेवर चढलीच नाही. लिनक्सने तिला घरातच अडवलं.

ताईंच्या लॅपटॉपवर सुडोने फाइल लगेच झाली. म्हणजे काकांनी विंडोजवर केलेला बदल सगळा वाया होता. मी त्यांना टर्मिनलवर 'एलएस'ला 'एल' जोडून यादी काढायला सांगितली. प्रत्येक ओळीत मालक रूट, गटही रूट, आणि परवानगी ७५५. म्हणजे मालकाला वाचा-लिहायची मुभा, बाकीच्यांना फक्त वाचायची. फाइल उघडत होती आणि सेव्ह होत नव्हती, ती यामुळे.

हा रूट आला कुठून? विंडोजकडे लिनक्ससारखे मालक-गटाचे आकडे नसतात. त्याच्याकडे परवानग्यांच्या याद्या असतात, आणि त्यांची घडणच वेगळी. तेव्हा विंडोजचा शेअर जोडणारा लिनक्सचा सीआयएफएस ड्रायव्हर माउंटच्या वेळी काही वेगळं सांगितलं नसेल तर सगळ्या फायलींवर एकच मालक आणि एकच परवानगी चिकटवतो. माउंट रूटने केला तर मालक रूट. ही परवानगी डिस्कवर कुठेही लिहिलेली नसते, ती दाखवण्यापुरती असते. 'सीएचमॉड'ने ती बदलत नाही, कारण बदलून ठेवायला पलीकडे जागाच नाही. फार तर विंडोजचा 'रीड-ओन्ली' हा एक शिक्का त्या कमांडने लागतो किंवा निघतो. आणि माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरवर परवानग्या लावून काही उपयोग होत नाही. शेअर त्याच्यावर चढला की खालचं सगळं झाकलं जातं.

उपाय माउंटच्या ऑप्शनमध्येच आहे. टर्मिनलवर 'आयडी' ही कमांड दिली की तुमचा क्रमांक कळतो. उबंटूवर पहिल्या युजरचा तो बहुधा १००० असतो. माउंट करताना 'यूआयडी' आणि 'जीआयडी' या ऑप्शनना हे आकडे द्यायचे, 'फाइल मोड'ला ०६६४ आणि 'डिर मोड'ला ०७७५. या दोन नावांत मधल्या जागी अंडरस्कोर येतो, आणि कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकायची. फोल्डरचा आकडा फायलीपेक्षा वेगळा आहे हे विसरू नका. फोल्डरला एक्झिक्यूटची परवानगी नसेल तर त्याच्या आत पाऊलच टाकता येत नाही. दोन्हींना ०६६४ देऊन तासभर डोकं धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत. आकडे बदलल्यावर शेअर अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. 'टार्गेट इज बिझी' असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा दुसरं एखादं टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडं असतं.

पेनड्राइव्हच्या दिवसांपासून सवय असलेले काही जण इथे 'यूमास्क' लिहितात. तो ऑप्शन एनटीएफएस डिस्क थेट जोडताना चालतो, सीआयएफएसला तो समजत नाही. 'नोपर्म' नावाचाही एक ऑप्शन आहे. त्याने लिनक्स आपली तपासणी बंद करतं आणि सगळा निर्णय विंडोजवर सोडतं. एकट्याच्या लॅपटॉपवर तो चालून जाईल. चार जण वापरतात अशा मशीनवर मी तो कधी लावणार नाही. तिथे ज्याला लॉगिन आहे त्या प्रत्येकाच्या हातात काकांचा फोल्डर जाईल.

ताईंचं काम पाच मिनिटांत झालं. त्याच बैठकीत मी काकांना तो 'एव्हरीवन'चा फुल कंट्रोल काढायला लावला. चुकीच्या जागी केलेला उपाय लागू पडत नाही एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. तो तिथेच राहून जातो, आणि वर्षभराने कुणीतरी चुकून अख्खा फोल्डर पुसतं तेव्हा त्याची आठवण होते.

आता पलीकडचा नकार. सुडोनेही फाइल होत नसेल तर विंडोजकडे वळायचं. तिथे एकामागून एक दोन तपासण्या असतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' असे दोन टॅब दिसतात. सिक्युरिटीमधली यादी डिस्कची, म्हणजे एनटीएफएसची. शेअरिंगमध्ये 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग'च्या आत परवानग्यांची दुसरी यादी असते, ती फक्त नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी. दोन्हींतली जी कडक असेल ती लागू होते. या दुसऱ्या यादीत मुळातच 'एव्हरीवन'ला फक्त वाचण्याची मुभा दिलेली असते. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं विंडोजवाला शपथेवर सांगतो, ते खोटं नसतं. त्या मशीनवर बसून फोल्डर उघडणाऱ्याला शेअरची यादी लागूच होत नाही. दोन्ही टॅब उघडून, ज्या नावाने आपण माउंट केलं त्या नावाला 'चेंज' आणि 'मॉडिफाय' मिळाले आहेत का ते पाहा.

कधी सगळ्या फायली सेव्ह होतात आणि एकच अडते. अशा वेळी ती फाइल त्या फोल्डरमध्ये कशी आली ते विचारा. एनटीएफएसच्या एकाच ड्राइव्हवर फाइल कट करून दुसरीकडे पेस्ट केली तर ती जुन्या जागेच्या परवानग्या सोबत घेऊन येते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. डेस्कटॉपवरून ओढून आणलेली एखादी फाइल अशी महिनोन्‌महिने त्रास देते.

माउंटच होत नाही आणि 'माउंट एरर १३' येतो, ही तिसरी परिस्थिती. तेरा हा आकडा परवानगीचाच, पण इथे गोष्ट फोल्डरपर्यंत गेलेली नसते. बहुधा दारातच ओळख पटलेली नसते. 'डी-एम-ई-एस-जी' ही कमांड सुडोने चालवा आणि शेवटच्या ओळी वाचा. कर्नल तिथे विंडोजने दिलेलं खरं कारण लिहून ठेवतं. 'स्टेटस लॉगऑन फेल्युअर' असेल तर नाव किंवा पासवर्ड चुकला. 'स्टेटस अकाउंट रिस्ट्रिक्शन' असेल तर त्या विंडोज खात्याला पासवर्डच नसण्याची शक्यता मोठी. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. 'अकाउंट लॉक्ड आउट' असेल तर जुना पासवर्ड घेऊन कुठलीतरी स्क्रिप्ट वारंवार दार ठोठावते आहे. आणि 'स्टेटस अॅक्सेस डिनाइड' असेल तर ओळख पटली, शेअरच्या यादीत नाव नाही. आकडा तेराऐवजी २ आला तर शेअरचं नाव चुकलं आहे. ११३ किंवा ११५ आला तर परवानगीचा विचार सोडा आणि विंडोजची फायरवॉल पाहा. ४४५ क्रमांकाचा पोर्ट बहुधा तिथे अडलेला असतो.

नाव-पासवर्डाचा घोटाळा हल्ली एकाच कारणाने जास्त होतो. लोक विंडोज चार आकडी पिनने उघडतात आणि इथेही तोच पिन टाकतात. पिन त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. खातं मायक्रोसॉफ्टचं असेल तर युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो पासवर्ड काकांनी चार वर्षांपूर्वी ठेवला आणि त्यानंतर कधी टंकला नाही. मी प्रत्येक ठिकाणी एकच सल्ला देतो. विंडोजवर शेअरसाठी वेगळं लोकल खातं उघडा, त्याला नीट पासवर्ड द्या आणि तेवढ्या एका फोल्डरचीच परवानगी द्या. काकांचं ईमेल खातं ताईंच्या लॅपटॉपमध्ये साठवायचं कारणच उरत नाही.

जुन्या सल्ल्यांमध्ये 'व्हर्स' या ऑप्शनला १.० द्या, असंही वाचायला मिळेल. तो लावू नका. १.० म्हणजे एसएमबी या संवादपद्धतीची पहिली आवृत्ती. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरची मशीन कुलूपबंद केली, त्यात ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचीही होती. तो याच आवृत्तीच्या विंडोजमधल्या भोकातून पसरला. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले. त्याच वर्षी लिनक्स कर्नलच्या ४.१३ या आवृत्तीपासून सीआयएफएसने आपणहून १.० वापरणं सोडलं, आणि विंडोज १० च्या शरद ऋतूतल्या आवृत्तीपासून ती नव्या मशीनवर मुळात बसवणंही थांबलं. त्याआधीचे लेख त्या काळापुरते बरोबर होते. आज १.० शिवाय जोडलं जात नाही असं एखादं जुनं उपकरण तुमच्याकडे असेल, तर खर्च त्या उपकरणावर करा.

पासवर्डाशिवाय 'गेस्ट' म्हणून माउंट करण्याचेही दिवस संपत आले आहेत. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या मोठ्या अपडेटपासून प्रो आवृत्तीही गेस्टच्या जोडणीला मुळातूनच नकार देते.

छापखान्यात शेवटी एक अडचण उरली होती, आणि ती आपल्या भाषेची होती. शेअरचं नाव 'दिवाळी अंक' असं देवनागरीत, मध्ये स्पेस. माउंट कायम राहावा म्हणून ज्या 'एफस्टॅब' फाइलमध्ये त्याची ओळ लिहितात, तिथे स्पेस म्हणजे एक रकाना संपला. त्यामुळे 'अंक' हा शब्द पुढच्या रकान्यात जाऊन बसला आणि सगळी ओळ बिघडली. तिथे स्पेसच्या जागी उलटा तिरका दंड आणि लगेच ०४० लिहायचं. फायलींची देवनागरी नावं प्रश्नचिन्हांसारखी दिसत असतील तर 'आयओकॅरसेट' या ऑप्शनला यूटीएफ८ द्या. लग्नपत्रिकांच्या दोनशे फायलींची नावं त्या एका शब्दाने परत वाचता आली, तेव्हा ताईंनी हातातला चहा खाली ठेवून यादी वरपासून खालपर्यंत वाचून काढली.

पुढच्या आठवड्यात उलटी दिशा, लिनक्सवरचा फोल्डर विंडोजला दाखवायचा. त्यासाठी सांबा. तोवर एक काम करा. 'एफस्टॅब' फाइल मशीनवरचा कुणीही युजर वाचू शकतो, आणि पुष्कळांनी विंडोजचा पासवर्ड त्यातच लिहून ठेवलेला असतो. रूटच्या फोल्डरमध्ये एक वेगळी फाइल करा. एका ओळीत युजरनेम, दुसरीत पासवर्ड, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको. तिची परवानगी ६०० करा आणि 'एफस्टॅब'मध्ये 'क्रेडेन्शियल्स' या ऑप्शनने फक्त तिचा पत्ता द्या. ही फाइल तुमच्या स्वतःच्या डिस्कवरची आहे, इथे 'सीएचमॉड' खरोखर काम करतं.