आजी मशेरी लावून नव्वद वर्षं जगली. मग?

गेल्या महिन्यात मामेभावाच्या साखरपुड्याला गावी गेले होते. जेवणं आटोपली, मंडळी ओसरीवर टेकली आणि मामांनी खिशातून विडीचं बंडल काढलं. मी नेहमीसारखी बोलले. मामांनीही नेहमीसारखंच उत्तर दिलं, "अगं, तुझी आजी रोज दोनदा मशेरी लावायची. नव्वदीला गेली. तुझ्या त्या पीएचडीत आजी बसते का कुठं?"

सगळे हसले, मीही हसले. पण परतीच्या एसटीत विचार करत बसले, कारण प्रश्न अगदी योग्य आहे. हजारो लोकांच्या अभ्यासातून निघालेला आकडा आणि आपल्या घरातलं जितंजागतं माणूस, यांचा मेळ घालायचा कसा? आजची पोस्ट त्यावरच.

जे गेले ते ओसरीवर नसतात

आजीची धाकटी बहीणही मशेरी लावायची. ती चोपन्नाव्या वर्षी तोंडाच्या कॅन्सरनं गेली. साखरपुड्यात तिचं नाव कुणी काढलं नाही. कसं काढणार? जो नव्वद वर्षं जगतो तो नव्वद वर्षं सगळ्यांना दिसतो, त्याचे किस्से होतात. जो लवकर जातो त्याचा फोटोही धड नसतो. म्हणजे आपल्या आठवणीतला हिशेब मुळातच एका बाजूला झुकलेला असतो.

पण थांबा. मावशीआजीच्या उदाहरणानंही काही सिद्ध होत नाही. तंबाखूला कधी हात न लावलेल्यांनाही कॅन्सर होतो. एक आजी विरुद्ध एक मावशीआजी, सामना बरोबरीत. म्हणून मोजावं लागतं, आणि मोजायची पद्धत अशी हवी की गेलेली माणसंही हिशेबात राहिली पाहिजेत.

आधी विचारा, मग वाट पाहा

1951 साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली. तुम्ही सिगारेट ओढता का? किती? 40 हजारांहून जास्त डॉक्टरांनी उत्तरं दिली. मग या दोघांनी काय केलं? वाट पाहिली. कोण कधी गेलं, कशानं गेलं, एवढंच नोंदवत राहिले.

याला कोहोर्ट अभ्यास म्हणतात. यातली खुबी अशी, की सवय आधी लिहून घेतली जाते आणि आजार नंतर येतो. त्यामुळे "आजारी पडल्यावर माणूस जुन्या सवयी आठवून सांगतो" हा घोळ राहत नाही. आणि यादीतलं माणूस गेलं तरी यादीतून जात नाही.

गंमत म्हणजे सुरुवातीला डॉलना संशय होता तो रस्त्यांवरच्या डांबरावर. सिगारेटवर नव्हे! आकडे बघून त्यांनी स्वतःच सिगारेट सोडली. पुढे ते 92 वर्षं जगले. (हेही एकच उदाहरण, त्यामुळे पुरावा म्हणून धरू नका.)

मुंबईच्या मतदार याद्या

"ते सायबाचे डॉक्टर. आपलं काय?" असं मामा म्हणतीलच. तर आपल्या मुंबईतही असा अभ्यास झाला आहे. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 ते 1997 या काळात मतदार याद्या घेऊन, घरोघरी जाऊन, 35 वर्षं आणि त्यावरच्या 1,48,173 लोकांची माहिती गोळा केली. हातात मावणारे छोटे कॉम्प्युटर घेऊन प्रश्न विचारले गेले, तेही त्या काळात! बायकांमध्ये तंबाखूचं प्रमाण मोठं निघालं, पण विडी-सिगारेटचं नाही. आपली घरातली मशेरीच. तव्यावर भाजलेली, जिच्या वासानं अख्खं घर खोकतं, ती.

काही वर्षांनी त्याच घरांची दारं पुन्हा वाजवली गेली. कोण आहे, कोण गेलं? गेलेल्यांच्या मृत्यूचं कारण महापालिकेच्या नोंदींत शोधलं.

2005 साली आलेले निष्कर्ष सोप्या भाषेत सांगते. समजा, ठरावीक काळात तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांमध्ये 100 मृत्यू झाले. तर तेवढ्याच सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये सुमारे 137 झाले आणि विडी ओढणाऱ्यांमध्ये सुमारे 164. "विडी पानाची असते, कागदाची नाही, म्हणून बरी" हा समज इथंच निकालात निघतो. मशेरी आणि तत्सम तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये 100 ला सुमारे 125. आणि नुसता कॅन्सर नाही बरं का. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये टीबीनं होणारे मृत्यू दुपटीहून जास्त होते.

पण गरिबीमुळे नसेल कशावरून?

हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर शाब्बास. विडी ओढणारा बहुतेकदा कष्टकरी असतो. दहा बाय दहाची खोली, धुराचं काम, अपुरं जेवण. कदाचित विडी नुसती साक्षीदार असेल आणि खरा गुन्हेगार गरिबी?

यावर तीन उपाय असतात. पहिला, तुलना सारख्यांशी सारख्यांची करायची. वर दिलेले आकडे वय आणि शिक्षणाचा फरक काढून टाकल्यानंतरचे आहेत. दुसरा, प्रमाण पाहायचं. मुंबईत विड्यांची संख्या वाढली तसा मृत्यूचा धोकाही वाढत गेला. तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो: वेगळ्याच लोकांमध्ये तेच दिसतं का ते बघायचं. ब्रिटिश डॉक्टर गरीब नव्हते, सगळ्यांचं शिक्षण आणि पेशा एकच. तिथंही तंबाखू ओढणारे लवकरच गेले.

म्हणून गरिबी निर्दोष सुटते का? अजिबात नाही. ती स्वतःही माणसं मारते. आपला शोध एवढाच, की विडीचा वाटा वेगळा काढता येतो, आणि तो मोठा आहे.

मग आजीचं काय?

100 ला 125 याचा अर्थ मशेरी लावणारी प्रत्येक बाई लवकर जाते असा नाही. बऱ्याच जणी दीर्घायुषी होतातच. म्हणजे आजी अभ्यासाच्या विरोधात नाही, आजी अभ्यासाच्या आत आहे. हायवेवर डोळे मिटून रस्ता ओलांडणारे सगळे मरत नाहीत. म्हणून कुणी पोराला तसं शिकवत नाही.

अभ्यास एका माणसाचं भविष्य सांगू शकत नाही. पण कुठल्या वाटेवर जास्त माणसं पडली, हे तो सांगतो. मामांनी आजीकडे बघून वाट निवडली. मी त्यांना पडलेल्यांची यादी दाखवतेय.

"आता सोडून काय उपयोग?"

मामा साठीचे आहेत. परवा फोनवर त्यांनी हाच प्रश्न टाकला, आणि इथं माझ्याकडे चांगली बातमी होती.

डॉल आणि सहकाऱ्यांनी त्या डॉक्टरांचा 50 वर्षांचा हिशेब 2004 साली मांडला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे, न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी 10 वर्षं आधी गेले. पण तिशीत सोडणाऱ्यांची जवळजवळ सगळी 10 वर्षं वाचली. चाळिशीत सोडली तर 9, पन्नाशीत 6. आणि साठीत सोडली तरी सुमारे 3 वर्षं.

हे आकडे सिगारेट ओढणाऱ्या ब्रिटिश पुरुषांचे, आणि सरासरीचे. मामांना तीन वर्षांची लेखी गॅरंटी मी देत नाही, तसं सांगितलंही.

"तीनच?" मामा म्हणाले.

"आता पोराचं लग्न होईल. पुढं नातू झाला, तर तीन वर्षांत तो बालवाडीत जातो, मामा."

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "तो नंबर काय म्हणालीस, लिहून घेतो."

तो नंबर तुमच्याही घरात कुणाला लागेल, म्हणून देते: तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन, 1800-11-2356. फोन मोफत आहे.